तीन अंमलांचे आटे

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधील प्रत्येक कारखानदार आपल्या मर्जीप्रमाणे आटे पाडीत असे, आणि त्यामुळे मँचेस्टरात घडलेल्या बोल्टावर लंडनची चाकी चढेलच अशी हमी कोणासही देता येत नसे. यंत्र ज्याने घडविले त्याच्याच दारी मोडका बोल्ट घेऊन जावे, अशी वहिवाट होती. हेन्री मॉडस्ले यांच्या हाताखाली काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी निरनिराळ्या कारखान्यांतील बोल्टांचे नमुने जमवून त्यांची सरासरी काढली आणि १८४१ साली ती लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सपुढे मांडली: आट्याचा कोन पंचावन्न अंशांचा, माथा व तळ गोलसर. भाऊबंदांच्या तंट्यात पंचाने मधोमध बांध घालून द्यावा तसाच हा निवाडा होता, आणि म्हणूनच कदाचित तो सर्वांनी मुकाट्याने मानला.

अमेरिकेने मात्र तो मानला नाही. फिलाडेल्फियाचे विल्यम सेलर्स यांनी १८६४ साली फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये साठ अंशांचा, सपाट माथ्याचा आटा सुचविला; व्हिटवर्थचा गोलसर माथा साधण्यास निष्णात कारागीर व खास हत्यारे लागत, तर हा आटा सामान्य कामगारालाही पाडता येई. पाव इंची बोल्टावर दोन्ही पद्धतींत इंचाला वीसच आटे असल्याने तो परक्या चाकीत निमूटपणे शिरतो. परंतु अर्ध्या इंचावर व्हिटवर्थचे बारा आणि सेलर्सचे तेरा. मोटारींना मानवणाऱ्या बारीक आट्यांत तर हे अंतर अधिकच वाढते: विलायती सोळा, अमेरिकन वीस.

हा परदेशी तंटा मुंबईच्या मिस्त्रीच्या पदरी पडावा, असाच काळाचा संकेत होता. वालचंद हिराचंद यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज व फार्गो बाहेर पडत, महिंद्रांकडे विलीज जीप जुळविली जाई, जुन्या विलायती लॉऱ्या रस्त्यावर होत्याच, आणि १९५४ पासून जमशेदपूरच्या टाटा-मर्सिडीजने दशमान आट्यांचा तिसरा अंमल सुरू केला. इंचाचे आठ सूत मोजणाऱ्या आमच्या बाजारात ‘चार सुती बोल्ट’ मागितल्यास पहिल्या दोन राज्यांतला कोणताही हाती येई. पान्यांचाही तोच घोळ: विलायती पान्यावर बोल्टाच्या दांड्याचे माप कोरलेले, अमेरिकन पान्यावर चाकीच्या दोन समोरासमोरच्या बाजूंमधील अंतराचे. महायुद्धात एकाची तोफ दुसऱ्याच्या कारखान्यात घडविताना दोस्तांची पुरेशी फजिती झाल्यावर, १९४८ च्या नोव्हेंबरात ब्रिटन, अमेरिका व कॅनडा यांनी वॉशिंग्टन येथे साठ अंशांचा तह केला खरा. पण रस्त्यावर धावणाऱ्या गाड्यांना तो पूर्वलक्षी प्रभावाने कसा लागू व्हावा?

आटे शाबूत असेपर्यंत या वंशभेदाची चौकशी कोणी करीत नाही. ती गंज करावयास लावतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक असल्याने आट्यांमधील सूक्ष्म फट तो फुगून भरून काढतो, आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत वाढलेल्या पिकअपच्या कमानपाट्यांचे यू-बोल्ट व हौद्याखालच्या चाक्या अशा काही आवळून बसतात की पान्यावर नळी चढवून जोर केल्यास दांडाच मोडावा. जाणता मिस्त्री प्रथम तारेचा ब्रश फिरवून आटे मोकळे करतो, रॉकेल पाजून रात्रभर थांबतो, आणि सकाळी चाकी सोडविण्यापूर्वी ती किंचित आवळून पाहतो, म्हणजे गंजाचा थर तुटतो. तेवढ्याने न भागल्यास केवळ चाकी तापवून लाल करावी, म्हणजे ती दांड्याहून अधिक प्रसरण पावते. शेवटचा उपाय छिन्नी. दांडा मोडून आत राहिला तर त्याच्या थोटकावर दुसरी चाकी वेल्ड करून तो फिरविण्याची युक्ती मला या साऱ्या विद्येतील सर्वांत चतुर वाटते, कारण वेल्डिंगच्या त्याच उष्णतेने गंजाची पकडही सैल होते.

नवा बोल्ट आटे जुळले म्हणून योग्य ठरत नाही. अमेरिकन बोल्टाच्या माथ्यावरील तीन रेषा कडक केलेल्या पोलादाची व सहा रेषा त्याहून बळकट पोलादाची साक्ष देतात. दशमान बोल्टावर ८.८ सारखा आकडा असतो. यातले काहीच नसलेला बाजारी बोल्ट सुकाणूच्या सांध्याला लावणे हा काटकसरीचा नव्हे, बेजबाबदारपणाचा मामला होय.

डॉजच्या व जुन्या जीपच्या डाव्या चाकांना तर उलटे आटे असत, गाडी चालताना चाक्या आपसूक सैल होऊ नयेत म्हणून. ही दक्षता अनाठायी असल्याचे इतर उत्पादकांच्या गाड्यांनी वर्षानुवर्षे सिद्ध केले, तरी डॉज बनविणाऱ्या क्रायस्लर कंपनीने ती १९७० च्या सुमारासच सोडली. तोवर ‘गंजला’ म्हणून चुकीच्या दिशेने जोर लावून मोडलेले कित्येक निर्दोष स्टड भंगारात गेले होते.