सरकारी जमिनीचा धनी कोण?

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील नेवाडा नावाचे राज्य विस्ताराने आपल्या महाराष्ट्राहून थोडेसेच लहान आहे. त्या राज्यातील शंभर एकरांपैकी सुमारे ऐंशी एकर जमिनीचा मालक तेथला शेतकरी नाही, सावकार नाही, आणि नेवाडाचे सरकारही नाही. मालक आहे दोन हजारांहून अधिक मैल दूर असलेले वॉशिंग्टनचे मध्यवर्ती सरकार. शेजारच्या युटा आणि आयडाहो या राज्यांत हे प्रमाण शेकडा साठाच्या वर जाते. उलट पूर्वेकडील कनेक्टिकटमध्ये किंवा मधल्या आयोवात ते शेकडा एकसुद्धा भरत नाही. सबंध देशाचा हिशेब केला तर सुमारे ६४ कोटी एकर, म्हणजे एकूण भूमीच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त जमीन, मध्यवर्ती सरकारच्या नावावर आहे.

आपल्याला हे चमत्कारिक वाटते. आपल्या घटनेने जमीन हा विषय राज्यांच्या यादीत घातला. गायरान असो, पडीक असो, सातबाऱ्यावर ‘सरकार’ असे लिहिले की ते राज्य सरकार, हे खेड्यातला पोरही जाणतो. तरी वाद आपल्याकडेही झालाच. कोळशाच्या जमिनी केंद्राने ताब्यात घेण्याचा कायदा १९५७ मध्ये झाला, त्याविरुद्ध पश्चिम बंगाल सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६२ मध्ये हरले. अमेरिकेतला वाद मात्र त्या देशाच्या जन्माइतका जुना आहे, आणि अजून मिटलेला नाही. मी इतिहासाचा पंडित नव्हे. कामगारांचे करार वाचता वाचता जे वाचायला शिकलो तेवढीच माझी विद्या. पण करार वाचणाऱ्याला एक सवय लागते : कागदावर काय लिहिले आहे ते पाहायचे, आणि ते लिहून घेण्याची गरज कोणाला होती तेही पाहायचे.

पहिला कागद स्वातंत्र्ययुद्धातला. तेरा वसाहतींपैकी व्हर्जिनियासारख्या काहींनी ॲपलाचियन पर्वतापलीकडच्या अफाट मुलखावर हक्क सांगितला होता. मेरीलँडचा तसा कसलाच दावा नव्हता. मेरीलँडने हट्ट धरला की लढाई सर्वांनी लढायची आणि जमीन व्हर्जिनियाने विकून खायची, हे चालणार नाही. ती सर्वांची सामाईक झाली पाहिजे. या हट्टापायी संघाचा करारनामा १७८१ पर्यंत अडून राहिला. शेवटी मोठी राज्ये नमली आणि एकेक करून त्यांनी आपले दावे संघाला सोडून दिले. पुढे १७८७ च्या घटनेत चौथ्या अनुच्छेदात लिहिले गेले की संघाच्या जमिनीची विल्हेवाट लावण्याचा व तिच्याबद्दल नियम करण्याचा अधिकार काँग्रेसचा, म्हणजे मध्यवर्ती विधिमंडळाचा. सामाईक मालकी ही वॉशिंग्टनने पुढे केव्हातरी केलेली घुसखोरी आहे असे सांगणारे आजही पुष्कळ भेटतात. त्यांनी मेरीलँडचे प्रकरण वाचावे.

१७८५ च्या कायद्याने या जमिनीची मोजणी ठरली. सहा मैल लांब, सहा मैल रुंद अशी चौकट, तिचे ३६ तुकडे, आणि त्यातला सोळावा तुकडा गावच्या शाळेसाठी. पुढे फ्रान्सकडून, मेक्सिकोकडून, रशियाकडून मुलूख मिळत गेला तसतशी ही चौकट पश्चिमेकडे सरकत गेली. त्या मुलखात आधीच राहणाऱ्या लोकांना कोणी विचारले नाही. त्यांच्याकडे मी पुढे येतोच.

आता या जमिनीचे करायचे काय? येथे कामगार चळवळीचा संबंध येतो, आणि आमच्याकडे तो फारसा ठाऊक नाही. न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज हेन्री इव्हान्स नावाचा एक मुद्रक होता. इंग्लंडमध्ये जन्मलेला, छापखान्यात वाढलेला हा माणूस १८२९ पासून कामगारांचे पत्र चालवीत होता. १८४४ मध्ये त्याने नॅशनल रिफॉर्म असोसिएशन काढली आणि कामगारांना सांगू लागला की सरकारी जमीन तुमच्या मतांवर तुम्हाला फुकट मिळू शकते. मते मागायला येणाऱ्याकडून तेवढे वचन घ्या. त्याचा हिशेब साधा होता. कारखान्याच्या दाराशी कामासाठी दहा माणसे उभी असली की मालक मजुरी पाडतो. त्यातली चार पश्चिमेकडे शेती करायला गेली तर उरलेल्या सहांना मालकाशी ताठ मानेने बोलता येईल. मात्र त्याची आणखी एक अट होती. एकाच्या हाती किती जमीन असावी याला मर्यादा हवी, आणि मिळालेली जमीन सावकाराच्या घशात जाता कामा नये.

१८६२ मध्ये लिंकनने होमस्टेड कायद्यावर सही केली. पाच वर्षे राहून कसणाऱ्याला १६० एकर जमीन नाममात्र फी भरून मिळणार होती. इव्हान्स तोवर मरून सहा वर्षे झाली होती, आणि त्याच्या मागणीचा अर्धाच भाग कायद्यात आला. शिवाय सहा महिने राहून एकरी सव्वा डॉलर भरला की जमीन लगेच नावावर करून घेण्याची पळवाट त्याच कायद्यात होती. लाकडाच्या आणि गुरांच्या कंपन्यांनी खोटे अर्जदार उभे करून ती पुरेपूर वापरली. त्याच वर्षी प्रशांत महासागरापर्यंतच्या रेल्वेचा कायदा झाला. अशा निरनिराळ्या कायद्यांखाली मध्यवर्ती सरकारने रेल्वे कंपन्यांना एकंदर सुमारे १३ कोटी एकर जमीन दिली. तेव्हा वॉशिंग्टन म्हणजे जनतेच्या ठेवीवर बसलेला प्रामाणिक नाग, असे चित्र कोणी काढले तर मी ते मान्य करणार नाही. तरीही होमस्टेडखाली सुमारे २७ कोटी एकर जमीन वाटली गेली आणि लाखो गरीब कुटुंबे उभी राहिली, हेही खरे. मागे उरली ती डोंगराची, वाळवंटाची, जिथे १६० एकरांत एक कुटुंबही जगत नाही अशी जमीन. नेवाडातील ते ऐंशी टक्के म्हणजे मुख्यतः हीच, कोणी न घेतलेली जमीन.

नेवाडा राज्य झाले ते मोठ्या घाईत. १८६४ च्या अध्यक्षीय निवडणुकीला आठ दिवस उरले असताना त्याला संघात प्रवेश मिळाला; वेळ इतका कमी होता की त्याची सबंध राज्यघटना तारेने वॉशिंग्टनला पाठवली गेली आणि तारेचे बिल चार हजार डॉलरवर गेले. त्या घटनेत नेवाडाच्या लोकांनी लिहून दिले आहे की वाटप न झालेल्या सरकारी जमिनीवरचा सर्व हक्क आम्ही कायमचा सोडतो. पश्चिमेकडच्या इतर राज्यांनीही प्रवेशाच्या वेळी असेच लिहून दिले. बदल्यात शाळांसाठी प्रत्येक चौकटीतले ठरावीक तुकडे राज्याला मिळाले. नेवाडाने १८८० मध्ये ते विखुरलेले तुकडे परत करून त्याऐवजी आपल्या पसंतीची वीस लाख एकर जमीन घेतली, आणि पुढे ती जवळजवळ सगळी विकून टाकली.

राज्याच्या हाती जमीन राहिली की काय होते, हे पाहायचे तर टेक्सासकडे पाहावे. टेक्सास १८४५ मध्ये स्वतंत्र प्रजासत्ताक म्हणून संघात आले आणि आपली सरकारी जमीन त्याने स्वतःकडेच ठेवली. पुढे त्याला भव्य विधानभवन हवे झाले. तिजोरीत पैसा नव्हता, तेव्हा ३० लाख एकर जमीन देऊन इमारत बांधून घ्यायची असा सौदा १८८२ मध्ये झाला. शिकागोच्या भांडवलदारांना ती जमीन मिळाली आणि तिचे एक्स आय टी नावाचे अवाढव्य गुरांचे कुरण झाले. इमारतीचा ग्रॅनाइट फोडण्यासाठी राज्याने तुरुंगातले कैदी पुरवले. दगड घडविणाऱ्या कारागिरांच्या युनियनने कैद्यांच्या वेठीला विरोध केला आणि कामावर बहिष्कार घातला. तेव्हा कंत्राटदाराने १८८६ मध्ये स्कॉटलंडमधील अॅबर्डीनहून पाथरवट आणवले. करार करून परदेशी मजूर आणण्यास बंदी घालणारा कायदा कामगारांनी झगडून आदल्याच वर्षी करून घेतला होता. कंत्राटदारावर खटला झाला, दंड झाला, आणि मग तो दंड पुष्कळ उतरवण्यात आला. १८८८ मध्ये इमारत उभी राहिली. आजही ती ऑस्टिनची शोभा आहे. टेक्सासच्या बाजूने एवढे सांगितले पाहिजे की विद्यापीठासाठी वेगळी काढलेली वीस लाखांवर एकर जमीन त्याने विकली नाही, १९२३ मध्ये तीत तेल लागले आणि विद्यापीठ श्रीमंत झाले. राज्यांना जमीन सांभाळताच येत नाही असा काही निसर्गनियम नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र जंगले तुटू लागली, कुरणे उघडी पडली, आणि वॉशिंग्टनचा विचार बदलला. १८९१ पासून वने राखीव होऊ लागली. पश्चिमेच्या प्रतिनिधींनी १९०७ मध्ये सहा राज्यांत नवी राखीव वने करण्याचा अध्यक्षांचा अधिकार काढून घेतला. थिओडोर रूझवेल्टने त्या कायद्यावर सही करण्यापूर्वी दीड कोटी एकरांहून अधिक वन राखीव जाहीर करून टाकले. कोलोरॅडोचा एक पशुपालक या वनात परवान्यावाचून गुरे घालण्याचा हक्क मागत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९११ मध्ये न्यायालयाने सांगितले की ही जमीन सबंध देशाच्या जनतेसाठी विश्वस्त म्हणून धरलेली आहे.

या सगळ्या इतिहासात मला सर्वांत बोलका वाटतो तो १९२९ ते १९३२ चा प्रसंग. अध्यक्ष हर्बर्ट हूव्हर हे खाजगी उद्योगाचे आणि राज्यांच्या स्वायत्ततेचे पुरस्कर्ते. त्यांनी आपण होऊन राज्यांना सांगितले की उरलेली कुरणांची जमीन तुम्ही घ्या. जेम्स गारफील्ड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९३१ मध्ये तिने तशीच शिफारस केली. अट एकच : जमिनीचा पृष्ठभाग राज्यांना, पोटातले खनिज वॉशिंग्टनकडे. पन्नास वर्षे हक्काची भाषा बोलणाऱ्या राज्यांनी ही देणगी घेतली नाही! युटाचे गव्हर्नर जॉर्ज डर्न पुढे होऊन विरोध करू लागले. ते स्वतः खाणधंद्यातले जाणकार. तेल आणि कोळसा वजा केल्यावर उरलेली रोडकी कुरणे म्हणजे उत्पन्नापेक्षा खर्च अधिक, हे त्यांना कळत होते. शिवाय खनिजाच्या उत्पन्नातला वाटा राज्यांना १९२० च्या कायद्याने मिळतच होता. विधेयक बारगळले. स्वायत्ततेची तहान खरी होती की खनिजाची, याचा निर्णय वाचकांनी करावा. माझा झालेला आहे.

१९३४ मध्ये टेलर कायदा आला आणि कुरणांवर परवाने व चराई लागू झाली. एक गाय वासरासह एक महिना चरली तर १९३६ मध्ये पाच सेंट पडत. २०२५ मध्ये तोच दर एक डॉलर पस्तीस सेंट होता, खाजगी कुरणाच्या भाड्यापुढे अगदी किरकोळ. १९७६ मध्ये काँग्रेसने कायदाच केला की ही जमीन यापुढे सर्वसाधारणपणे मध्यवर्ती सरकारकडेच राहील. त्यावर १९७९ मध्ये नेवाडाच्या विधिमंडळाने ती आपली असल्याचा कायदा केला, आणि ‘सेजब्रश बंड’ म्हणून ते गाजले. सेजब्रश म्हणजे तिकडच्या माळावरचे झुडूप. रोनाल्ड रेगन यांनी आपणही बंडखोर असल्याचे जाहीर केले, निवडून आले, आणि जमीन होती तेथेच राहिली.

परंतु राज्यांची तक्रार सगळीच लटकी आहे असे समजणे अन्याय होईल. दूरच्या मालकाला जवळच्या माणसाचे दुःख दिसत नाही. जानेवारी १९५१ पासून नेवाडाच्या सरकारी जमिनीवर अणुबाँबच्या चाचण्या सुरू झाल्या. १९६२ पर्यंत शंभर स्फोट उघड्या हवेत झाले. राख वाऱ्याबरोबर युटाच्या गावांवर पडे. १९५३ मध्ये नेवाडाच्या कुरणांवर हिवाळा काढून परतणाऱ्या मेंढ्या हजारांनी मेल्या. मेंढपाळ १९५६ मध्ये कोर्टात हरले. १९८२ मध्ये त्याच न्यायाधीशाने सांगितले की सरकारने तेव्हा कोर्टाची फसवणूक केली होती आणि फेरसुनावणीचा हुकूम दिला; वरच्या कोर्टाने तो रद्द केला. माणसांना भरपाई देण्याचा कायदा व्हायला १९९० साल उजाडले. या लोकांपुढे विश्वस्त हा शब्द उच्चारताना जीभ अडखळावी.

आणि ज्या जमिनीवर हे स्फोट झाले ती शोशोनी लोकांची. त्यांनी १८६३ मध्ये रूबी व्हॅलीच्या तहाने वाट दिली होती, तळ ठोकू दिला होता. जमीन दिली नव्हती. शंभरावर वर्षांनी दावा आयोगाने १८७२ च्या भावाने किंमत लावून १९७७ मध्ये २ कोटी ६० लाख डॉलर मंजूर केले. शोशोनींनी ते घेतले नाहीत, त्यांना जमीन हवी होती. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की रक्कम सरकारी खजिन्यात त्यांच्या नावे जमा झाली, सरकार त्यांचे पालक आहे, म्हणून ती त्यांना पोचली. एखाद्या मालकाने कामगाराची थकबाकी आपल्याच तिजोरीच्या दुसऱ्या कप्प्यात ठेवून पावती फाडावी, तसा हा न्याय. वॉशिंग्टन आणि कार्सन सिटी यांच्या भांडणात या तिसऱ्या वादीचे नाव दोन्ही बाजू सहसा घेत नाहीत.

युटाने २०१२ मध्ये कायदा करून वॉशिंग्टनला २०१४ अखेरपर्यंत जमीन सोडण्याची मुदत दिली. मुदत उलटून गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये त्या राज्याने १ कोटी ८५ लाख एकरांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले, आणि १३ जानेवारी २०२५ रोजी न्यायालयाने दावा दाखल करून घेण्यास नकार दिला. जून २०२५ मध्ये युटाचेच सेनेटर माइक ली यांनी अर्थसंकल्पाच्या विधेयकात वीस ते तीस लाख एकर सरकारी जमीन विकण्याचे कलम घातले. आश्चर्य असे की त्याविरुद्ध सर्वांत आधी उठले ते शिकारी आणि मासे धरणारे लोक, ज्यातले पुष्कळ लींच्याच पक्षाचे मतदार. कुंपण पडले तर आपण जायचे कोठे, एवढाच त्यांचा सवाल होता. २८ जूनला लींनी ते कलम मागे घेतले. ४ जुलैला विधेयकाचा कायदा झाला तेव्हा त्यात जमीनविक्री नव्हती. मुदत संपल्यामुळे आदल्या वर्षी बंद पडलेली अणुस्फोटाच्या राखेने आजारी पडलेल्यांची भरपाई मात्र त्याच कायद्याने पुन्हा सुरू केली, आणि तीत आता सबंध युटा धरला आहे.