सिमन्स-स्मिथ अभिक्रिया

सिमन्स-स्मिथ अभिक्रिया ही कार्बनी रसायनशास्त्रातील वलय-निर्मितीची एक महत्त्वाची अभिक्रिया आहे. तीत जस्ताच्या कार्बनी संयुगाच्या साहाय्याने अल्कीनमधील द्विबंधावर मेथिलीन गट जोडला जातो आणि तीन कार्बन अणूंचे सायक्लोप्रोपेन वलय तयार होते. या वलयातील कार्बन अणूंमधील कोन अवघा ६०° असल्याने ते ताणलेले असते. म्हणून ते घडविण्याच्या सौम्य रीतीला विशेष मोल आहे.

इतिहास

डायआयोडोमेथेन व जस्त यांच्यापासून आयोडोमेथिल झिंक आयोडाइड मिळते, हे फ्रान्समधील एमशविलर यांनी १९२९ मध्ये दाखविले होते. त्याचा वलय-निर्मितीसाठी उपयोग मात्र अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीचे हॉवर्ड सिमन्स व रोनाल्ड स्मिथ यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी ईथरमध्ये जस्त-तांबे युग्म वापरले. सायक्लोहेक्झीनपासून या रीतीने नॉरकॅरेन हे दोन वलयांचे संयुग मिळते.

अभिक्रियेची यंत्रणा

येथे मोकळे मेथिलीन तयार होऊन ते द्विबंधावर जाऊन बसते, असा समज सहज होतो. तो बरोबर नाही. मोकळे मेथिलीन अतिशय क्रियाशील असते आणि कार्बन-हायड्रोजन बंधांतही शिरते. जस्ताच्या अभिक्रियेत असे घडत नाही. येथील कार्बन अणू एकीकडे जस्ताशी व दुसरीकडे आयोडीनशी बांधलेलाच राहतो. अशा संयुगाला कार्बिनॉइड म्हणतात. तो द्विबंधाजवळ आला की दोन्ही नवे कार्बन-कार्बन बंध एकाच टप्प्यात जुळू लागतात, त्याच वेळी आयोडीन कार्बनला सोडून जस्ताकडे सरकते व झिंक आयोडाइड वेगळे होते. या संक्रमण अवस्थेचा आकार पंख उघडलेल्या फुलपाखरासारखा कल्पिला जातो.

दोन्ही बंध द्विबंधाच्या एकाच बाजूने जुळत असल्यामुळे मूळ अल्कीनची रचना वलयात जशीच्या तशी उतरते : सिस् अल्कीनपासून सिस् वलय, ट्रान्सपासून ट्रान्स. मधे एखादा टिकाऊ मध्यस्थ तयार होत असता, तर एकेरी बंधाभोवती फिरून दोन्हींचे मिश्रण मिळाले असते. यंत्रणेचा हा सर्वांत बोलका पुरावा होय.

द्विबंधाजवळ हायड्रॉक्सिल गट असल्यास त्याचा ऑक्सिजन जस्ताला धरून ठेवतो. परिणामी अभिक्रिया वेगाने होते व मेथिलीन गट हायड्रॉक्सिलच्याच बाजूस बसतो. विन्स्टाइन व सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये ३-सायक्लोपेंटेनॉलवर हे दाखविले.

सुधारित रीती

जस्त-तांबे युग्माची क्रियाशीलता दर वेळी सारखी नसते, ही मूळ रीतीची अडचण. फुरुकावा यांनी १९६६ मध्ये त्याऐवजी डायएथिल झिंक वापरले. त्यामुळे ईथरखेरीज इतर विद्रावकही चालू लागले. हे द्रव्य हवेत आपोआप पेट घेते, म्हणून ते निष्क्रिय वायूतच हाताळावे लागते. पुढे शारेट यांनी बोरॉनयुक्त किरल संयुग वापरून, दोन प्रतिबिंब-रूपांपैकी मुख्यतः एकच रूप मिळविण्याची सोय केली.