मटकी

मटकी (शास्त्रीय नाव: व्हिग्ना ॲकोनिटिफोलिया) ही शिंबावंत कुळातील, जमिनीवर पसरणारी वर्षायू वनस्पती आहे. तिचे मूलस्थान भारतीय उपखंड मानले जाते. मुंबईसारख्या शहरांत ती मुख्यतः मोड आलेले कडधान्य म्हणून परिचित असली, तरी कोरडवाहू भागात चारा, कुरण आणि हिरवळीच्या खतासाठीही तिची लागवड होते. हिंदीत व राजस्थानात तिला मोठ म्हणतात.

वर्णन

मुख्य खोड आखूड असून त्यापासून निघणाऱ्या फांद्या जमिनीलगत दूरवर पसरतात. पाने त्रिदली असून पर्णिका खोलवर विभागलेल्या असतात. बचनागाच्या पानांशी असलेल्या या साम्यावरून जातिवाचक नाव पडले आहे. फुले पिवळी, शेंगा बारीक दंडगोलाकार आणि बिया लहान, तपकिरी असतात.

अवर्षण-सहनशीलता

सोटमूळ खोलवर जाऊन मातीतील ओल शोषते. दाट पसाऱ्यामुळे जमीन झाकली जाते. त्यामुळे बाष्पीभवन, तणांची वाढ आणि मातीची धूप कमी होते. मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात. हलक्या, रेताड जमिनीत व अल्प पावसातही हे पीक तग धरते. मात्र पाणी साचलेले त्यास मानवत नाही.

लागवड

भारतात सर्वाधिक लागवड राजस्थानात होते. महाराष्ट्रात मटकी हे खरिपाचे पीक असून जून-जुलैमध्ये, अनेकदा बाजरीत मिश्रपीक म्हणून पेरले जाते. पांढऱ्या माशीमुळे पसरणारा पिवळा मोझॅक हा विषाणुजन्य रोग पिकाचे मोठे नुकसान करतो.

चारा व कुरण

हिरवा वेल जनावरांना कापून घालतात किंवा शेतातच चरू देतात; मळणीनंतरचे भुसकटही उपयोगी पडते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेतील टेक्सास राज्यात चारापीक म्हणून तिचे प्रयोग झाले होते.

जमीन झाकणारा पसाराच काढणीस अडचणीचा ठरतो. वेल जमिनीला लागून असल्याने यंत्राने कापणी अवघड होते. म्हणून राजस्थानात आरएमओ-४० यासारखे उभट, सुमारे दोन महिन्यांत तयार होणारे वाण विकसित करण्यात आले. लवकर पक्व होत असल्याने पावसाळ्याच्या अखेरीस पडणाऱ्या खंडातून ते निसटतात. परंतु पसरट, उशिरा येणाऱ्या वाणांपासून चारा अधिक मिळतो. त्यामुळे वाणाची निवड दाण्याची गरज आणि जनावरांची गरज यांचा मेळ घालून करावी लागते.

आहारातील उपयोग

१०० ग्रॅम कोरड्या मटकीत सुमारे २३ ग्रॅम प्रथिने असतात. भिजवून, फडक्यात बांधून मोड आणलेल्या मटकीची उसळ करतात. मिसळीचाही ती प्रमुख घटक आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या मुंबईच्या उपनगरांतील बाजारांत मोड आलेली मटकी तयार मिळते. राजस्थानात मटकीचे पीठ भुजियासाठी वापरतात.