पेशवे दप्तराचे रुमाल आणि एक प्रश्न



गेल्या पावसाळ्यात नववीच्या वर्गात पानिपतचा धडा चालू होता. तास संपल्यावर एक विद्यार्थी माझ्यापाशी आला. घरच्या मोबाईलवर आलेल्या एका मजकुराची छापील प्रत त्याने सोबत आणली होती. सदाशिवरावभाऊ रणांगणावर पडलेच नाहीत, वेषांतर करून निसटले आणि पुढे कित्येक वर्षे जगले, असा त्याचा आशय. खाली ‘भाऊसाहेबांचे मूळ पत्र’ म्हणून एक चित्र होते. ‘सर, हे खरे का?’ असे त्याने विचारले. मला तत्काळ ‘नाही’ म्हणता आले असते. परंतु मग त्याने केवळ माझ्या शब्दावर भरवसा ठेवला असता, आणि माझा शब्द हाही त्याच्यापुरता आणखी एक मजकूरच झाला असता.

या पुराची तक्रार आपण हल्ली रोज करतो. मात्र कागदांच्या पुरात उभे राहून खरेखोटे निवडण्याचा प्रसंग आपल्या भाषेतील विद्वानांवर यापूर्वीच येऊन गेला आहे, आणि त्यांतील एक थोर पुरुष आमच्या बडोद्याच्या सेवेत होता, हे येथील तरुण पिढीस फारसे ठाऊक नाही.

१८१८ साली पेशवाई संपली आणि तिचे दप्तर इंग्रजांच्या हाती गेले. पुढे त्यात इतर कागदांची भर पडत गेली. पुण्याच्या या दप्तरातील कागद रुमालांत, म्हणजे कापडी गाठोड्यांत, बांधून ठेवलेले आहेत. असे रुमाल सुमारे ३५ हजार. लिपी बहुतेक मोडी. शब्द एकमेकांस जोडलेले, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही, आणि अनेक पत्रांवर नुसती तिथी किंवा मुसलमानी महिन्याचा चंद्र. साल लिहिलेलेच नाही. ज्याला पत्र पाठविले त्याला साल ठाऊकच होते, मग लिहिणाऱ्याने ते का लिहावे? त्यामुळे मजकुरात कोणाचे नाव आले, कोणती स्वारी कोठे होती, हे ताडून पाहिल्यावाचून पत्राचे साल ठरत नाही. चुकीच्या सालात बसविलेले अस्सल पत्र खोट्या पत्राइतकाच घोटाळा करते.

हे काम गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याकडे आले. १८६५ साली जन्मलेले सरदेसाई १८८९ मध्ये सयाजीराव महाराजांच्या पदरी राहिले आणि १९२५ मध्ये निवृत्त झाले. राजपुत्रांना शिकविता शिकविता त्यांनी ‘रियासत’ लिहावयास घेतली होती. जदुनाथ सरकारांच्या आग्रहामुळे मुंबई सरकारने दप्तर त्यांच्यापुढे उघडले, आणि १९३० ते १९३४ या अवधीत निवडक कागदांचे ४५ खंड बाहेर पडले. पुण्यातील संशोधक मंडळींना ही नेमणूक रुचली नाही. राजकारणाची पत्रे तेवढी उचलली आणि जमाखर्च, वसुली, बाजारभाव यांचे कागद तसेच बांधून ठेवले, हा त्यांच्यावरील आक्षेप माझ्या मते निराधार नव्हे. पुढे आर्थिक इतिहास लिहिणाऱ्यांना ते रुमाल पुन्हा सोडावे लागले. पण निवड करणारा मनुष्य काहीतरी वगळणारच. आपण काय शोधीत आहोत हे त्याला स्वतःला माहीत असले, आणि तो ते लपवीत नसला, म्हणजे वाचकास त्याचा हिशेब घेता येतो.

त्याआधी एक पिढी विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ही वाट पाडली होती. १८९८ साली त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, त्यातील पानिपतच्या काळची पत्रे त्यांना वाईस सापडली होती. गावोगाव पायपीट करून, लोकांच्या माळ्यांवरील कागद उतरवून त्यांनी पुढे २२ खंडांपर्यंत मजल मारली. त्यांचा स्वभाव तापट होता आणि त्यांची काही मते आज टिकत नाहीत. तरी त्यांनी बखरींना विचारलेला प्रश्न टिकला: हे लिहिणारा त्या वेळी कोठे होता, आणि घडल्यानंतर किती दिवसांनी लिहितो आहे?

शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचेच पाहा. बखरींच्या परंपरेने शके १५४९, म्हणजे १६२७ हे साल दीर्घकाळ रूढ होते. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली. तीत शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ही तिथी आहे. बखरी अनेक आणि शकावली एक, म्हणून बखरींचे पारडे जड, असे वाटणे साहजिक होते. पण एका बखरीवरून दुसरी उतरली असेल तर दहा बखरी मिळून साक्षीदार एकच. उलट महाराजांच्याच काळातील कवींद्र परमानंदाचे ‘शिवभारत’ हे स्वतंत्र साधन शकावलीशी जुळले, तेव्हा साक्षीदार खरोखर दोन झाले. जदुनाथांसारखा कसलेला पारखीही जुन्या सालाकडे झुकला होता, ही गोष्ट मी वर्गात मुद्दाम सांगतो. मुलांना ती आवडते.

आता त्या मुलाच्या मजकुराकडे येतो. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झाले. भाऊसाहेब जिवंत असल्याच्या वार्ता त्यानंतर लगेच उठल्या. मरणाची बातमी कोणालाच नको होती. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई अखेरपर्यंत वैधव्य स्वीकारावयास तयार झाल्या नाहीत. अशा दुःखाच्या भूमीत तोतया उगवला. मी भाऊ आहे असे सांगणारा हा मनुष्य रत्नागिरीस कैदेत होता. १७७६ मध्ये तेथील सुभेदाराच्याच साहाय्याने तो सुटला आणि पाहता पाहता कोकणातील किल्ले व हजारो माणसे त्याच्या बाजूस गेली. ती सारी माणसे मूर्ख होती असे मला वाटत नाही. काहींना त्यात स्वार्थ दिसला, आणि पुष्कळांना ते खरे असावे असे मनापासून वाटत होते. शेवटी आंग्र्यांनी त्याला पकडले. पुण्यास आणल्यावर त्याची चौकशी झाली, तोतयेपण सिद्ध झाले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याला देहांताची शिक्षा देण्यात आली.

हे सर्व मी त्या मुलाला सांगितले. नंतर ते ‘मूळ पत्र’ आम्ही दोघांनी मिळून पाहिले. अक्षरे स्वच्छ देवनागरी, शब्दाशब्दांत नीट अंतर, पूर्णविरामही जागच्या जागी. शेजारी मी सरदेसायांच्या काळातील एका मोडी पत्राच्या छायाचित्राचे पुस्तक उघडून ठेवले. तो बराच वेळ आलटून पालटून पाहत राहिला. मग म्हणाला, ‘सर, यात ते पत्र कोणाच्या घरी सापडले तेच लिहिलेले नाही.’

पुढच्या आठवड्यात मी विचारले, तेव्हा कळले की त्याने तो मजकूर पुढे पाठविला नव्हता. त्याच्या मामांनी मात्र सकाळीच सर्व नातेवाइकांना पाठविला होता, आणि मामांना हे कसे सांगावे, असा नवा प्रश्न घेऊन तो माझ्यापुढे उभा होता.