ऑपरेटिंग सिस्टीमचे एसएसडीवर स्थलांतर

संगणकावर चालू असलेली ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजेच परिचालन प्रणाली, तिच्यावरील सॉफ्टवेअर, सेटिंग व फायलींसह जुन्या हार्ड डिस्कवरून नव्या एसएसडीवर नेणे आणि संगणक पुढे त्या एसएसडीवरूनच सुरू होईल अशी व्यवस्था करणे, या क्रियेला प्रणालीचे स्थलांतर म्हणतात. तिच्या सर्वांत रूढ पद्धतीला व्यवहारात ‘क्लोन करणे’ असे म्हटले जाते. फायली कॉपी करण्याहून हे काम मुळातच वेगळे आहे. सी ड्राइव्हवरील यच्चयावत फायली नव्या ड्राइव्हवर गेल्या, तरी सुरुवात कोठून करायची हे सांगणारी माहिती बहुधा त्यांच्याबाहेर असते आणि ती न नेल्यास ड्राइव्ह भरलेला असूनही संगणक सुरू होत नाही.

हार्ड डिस्कच्या चुंबकीय तबकड्या मिनिटाला साधारणतः ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात. ७,२०० फेऱ्यांच्या डिस्कमध्ये हवी ती माहिती वाचकटोकाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४.२ मिलिसेकंद लागतात, टोक सरकण्याचा वेळ त्याशिवाय. आणि प्रणाली सुरू होताना ठिकठिकाणी विखुरलेल्या असंख्य लहान फायली वाचाव्या लागत असल्यामुळे ही प्रतीक्षा साचत जाते. एसएसडी, म्हणजे सॉलिड स्टेट ड्राइव्ह, हिच्यात फिरणारा भागच नसतो. तिच्यातील नँड फ्लॅश ही स्मृती जपानमधील तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केली आणि १९८७ मध्ये मांडली. साटा जोडणीवरील एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइट वाचते, तर एनव्हीएमई प्रकारची त्याच्या कित्येक पट. तरीही रोजच्या कामात खरा फरक जाणवतो तो हार्ड डिस्क सोडताना. म्हणून केवळ साटा जोडणी असलेला जुना लॅपटॉप संथ झाला एवढ्याच कारणाने टाकून देणे योग्य नव्हे.

सुरुवातीची माहिती दोन पद्धतींनी ठेवली जाते. १९८३ मध्ये पीसी डॉस २.० बरोबर आलेल्या एमबीआर पद्धतीत डिस्कचा अगदी पहिला, ५१२ बाइटचा सेक्टर याच कामासाठी राखलेला असतो: त्यातील पहिल्या ४४६ बाइटमध्ये प्रारंभीचा छोटा प्रोग्रॅम, पुढच्या ६४ मध्ये चार मुख्य विभागांचा, म्हणजे पार्टिशनांचा, तक्ता आणि शेवटच्या दोनमध्ये ओळखखूण असते. सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहावा लागत असल्याने या पद्धतीला सुमारे दोन टेराबाइटची मर्यादा पडते. नव्या संगणकांतील यूईएफआय फर्मवेअर जीपीटी तक्ता वापरते आणि सुरुवातीच्या फायली बहुधा फॅट ३२ रचनेच्या एका लहान, एरवी न दिसणाऱ्या विभागात ठेवते. विंडोजमध्ये तेथील बूट व्यवस्थापक बीसीडी नावाच्या नोंदसंचावरून प्रणालीचा विभाग शोधतो. केवळ सी ड्राइव्ह क्लोन करून हा लहान विभाग मागे ठेवणे हे क्लोन फसण्याचे नेहमीचे कारण आहे. बीसीडीबूट या आज्ञेने त्या फायली पुन्हा तयार करता येतात.

क्लोनझिला, किंवा युनिक्स परंपरेतील डीडी, ही साधने संपूर्ण ड्राइव्हची प्रत करतात. सेक्टरगणिक प्रत काढताना लक्ष्य ड्राइव्ह मूळ डिस्कहून थोडाही लहान चालत नाही. ५०० जीबीच्या डिस्कवरून ४८० जीबीच्या एसएसडीवर जाताना आधी विभाग आखडून घ्यावे लागतात. जुन्या विंडोज एक्सपीने केलेले विभाग ६३ व्या सेक्टरपासून सुरू होत, ते फ्लॅशच्या पानांच्या सीमांशी जुळत नाहीत आणि एका लेखनाची दोन होतात. व्हिस्टापासून ही सुरुवात २,०४८ व्या सेक्टरवर, म्हणजे नेमक्या एक मेबिबाइटवर, आणली गेली.

क्लोनऐवजी कोरी प्रणाली बसविणे अनेकदा अधिक स्वच्छ ठरते, विशेषतः जुनी प्रणाली आधीच बिघडलेली असेल तर, कारण क्लोनबरोबर तिचे दोषही येतात. मात्र मराठी अक्षरजुळणीच्या कामात युनिकोडपूर्व फाँटांतील जुना मजकूर मोठ्या प्रमाणावर आहे आणि ते फाँट नव्या प्रणालीत नसतील, तर तो वाचण्याजोगा राहत नाही. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे श्रीलिपी किंवा तत्सम जुने पॅकेज ज्या कार्यालयात चालू आहे, तेथे क्लोन हाच सुरक्षित मार्ग होय.

एसएसडी घेताना एम.२ हे केवळ आकाराचे नाव आहे हे ध्यानात ठेवावे लागते. त्या आकारात साटा आणि एनव्हीएमई दोन्ही मिळतात आणि प्रत्येक खाच दोन्ही स्वीकारतेच असे नाही. विंडोजमध्ये बिटलॉकर कूटबद्धता चालू असल्यास ती आधी तात्पुरती थांबवावी आणि ४८ अंकी रिकव्हरी की वेगळी लिहून ठेवावी. प्रत झाल्यावर पहिल्यांदा संगणक सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवणे आवश्यक आहे; कारण दोन्हींची ओळखखूण एकच असली की विंडोज त्यांपैकी एक बंद ठेवते किंवा नकळत जुन्याच डिस्कवरून सुरू होते. विंडोज ७ पासून उपलब्ध असलेली ट्रिम ही सोय पुसलेल्या फायलींची जागा मोकळी झाल्याचे एसएसडीला कळविते; ती चालू आहे याची खात्री करावी.

सर्वांत मोठी हानी होते ती मूळ आणि लक्ष्य ड्राइव्ह निवडताना अदलाबदल झाल्याने, कारण तेव्हा कोऱ्या एसएसडीची प्रत भरलेल्या डिस्कवर चढते. म्हणून महत्त्वाच्या फायलींची प्रत काम सुरू करण्यापूर्वीच तिसऱ्या ठिकाणी काढून ठेवावी, आणि नव्या ड्राइव्हवर सर्व कामे नीट होत असल्याचे काही आठवडे पाहिल्याशिवाय जुनी डिस्क पुसू नये.