कांदिवलीचा बी-२७५ : जुना ट्रॅक्टर टिकतो कशामुळं?



मागच्या महिन्यात आमच्या बी-२७५ चं इंजिन तिसऱ्यांदा बांधलं. त्याआधी घरात दोन दिवस वाद. पोरगं म्हणालं, "आप्पा, वय झालं त्याचं. भंगारात देऊ, कर्ज काढून नवा घेऊ." मी बांधायचं ठरवलं. का, ते सांगायला जरा मागं जावं लागेल.

हे मॉडेल मूळचं इंग्लंडमधलं. इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीच्या ब्रॅडफर्डच्या कारखान्यात १९५८ साली सुरू झालं. चार सिलिंडर, ३५ हॉर्सपॉवर, पुढचे ८ गिअर, मागचे २. पुढं १९६३ साली महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली. १९६५ पासून मुंबईत कांदिवलीला बी-२७५ तयार व्हायला लागला. तिकडं इंग्लंडात १९६८ च्या सुमारास तो बंद झाला, इकडं मात्र पुढं कितीतरी वर्षं निघत राहिला. १९७७ ला ती कंपनी महिंद्रात विलीन झाली, तरी आकडा राहिला. आजच्या २७५ डीआय मधला २७५ तोच.

लोक म्हणतात, जुनं लोखंड जाड, म्हणून टिकतं. अर्धंच खरं आहे. जाड लोखंडाचे परदेशी ट्रॅक्टरही पार्ट मिळेना म्हणून गोठ्यामागं गंजत पडलेले मी बघितलेत. बी-२७५ एकाच घाटाचा वर्षानुवर्षं निघाला. त्यामुळं स्लीव्ह, पिस्टन, रिंगा तालुक्याला मिळायला लागल्या, लेथवाल्याला मापं पाठ झाली, आणि शाळेचं तोंड न बघितलेला मिस्त्रीसुद्धा नुसत्या आवाजावरून टॅपेट ओळखायला लागला. ट्रॅक्टर टिकला तो या माणसांमुळं.

आता आमची गोष्ट. वडलांनी बांधलेलं इंजिन १४ वर्षं चाललं. त्यानंतर मी बांधलेलं सहाच वर्षांत बसलं. ब्रीदरमधून धूर, ऑइल रोज कमी, सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी उतरायची. मिस्त्री आला. त्यानं इंजिनाला हातच लावला नाही, आधी एअर क्लीनरचा बाऊल काढला. तळाला दोन बोटं गाळ. मग हेड उतरवून माझं नख स्लीव्हच्या वरच्या कडेला फिरवायला लावलं. चांगला कंगोरा लागला. म्हणाला, "दादा, हे वयानं नाही झिजलं, धुळीनं झिजलं."

ऑइल बाथ क्लीनरचं काम साधं आहे. आत येणारी हवा बाऊलमधल्या तेलावर आपटते, धूळ तेलाला चिकटते, हवा जाळीतून इंजिनात जाते. बाऊल गाळानं भरला की धूळ सरळ आत जाते आणि रिंगा-स्लीव्ह पॉलिश पेपरनं घासल्यासारख्या झिजतात. उन्हाळ्यात मळणीवर ट्रॅक्टर उभा असताना मी वीस-वीस दिवस बाऊल उघडला नव्हता. वडील रोज संध्याकाळी उघडायचे. मला तो म्हाताऱ्याचा चाळा वाटायचा.

ब्लॉकला चीर नव्हती, क्रँक चांगला होता, गिअर आवाज करत नव्हते. म्हणून बांधला. यातलं काही गेलं असतं तर पोराचंच ऐकलं असतं.

आता नियम असा : धुळीच्या कामात बाऊल रोज बघायचा. गाळ दिसला की डिझेलनं धुऊन इंजिन ऑइल खुणेपर्यंतच भरायचं. जास्त भरलं तर इंजिन ते ओढून घेतं. रबरी होजच्या पट्ट्या घट्ट आहेत का तेही बघायचं, नाहीतर धूळ तिथूनच शिरते. तारीख वहीत लिहायची. वही पोराकडं दिलीय.

तुमच्याकडं जुना ट्रॅक्टर असेल तर विकायचा विचार करण्याआधी एकदा बाऊल उघडून बघा.