नाव परत घेतलेले कलावंत

1942 साली मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये देविका राणींनी एका पठाण तरुणाला नोकरीवर घेतले आणि पडद्यासाठी दुसरे नाव घ्यावे असे सुचवले. पेशावरच्या फळव्यापाऱ्याचा हा मुलगा, काही काळ देवळालीच्या शाळेत शिकलेला. घरचे नाव युसूफ खान. 1944 च्या 'ज्वार भाटा'पासून तो दिलीपकुमार झाला. ही हकीकत आपल्या घराघरांत ठाऊक आहे. मुमताज जहाँची मधुबाला झाली, महजबीनची मीनाकुमारी झाली, हमीद अली खानचा अजित झाला, हेही आपण कौतुकाने सांगतो. सांगताना आवाज किंचित खाली येतो, एवढेच.

त्याच दशकात अमेरिकेत मात्र गाडी उलट दिशेने निघाली होती. टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा गावी 9 ऑक्टोबर 1920 रोजी जन्मलेला आणि डेट्रॉइटमध्ये वाढलेला विल्यम हडलस्टन नावाचा सॅक्सोफोनवादक 1948 च्या सुमारास मुसलमान झाला आणि त्याने नाव घेतले युसूफ लतीफ. इथला युसूफ आपले नाव घरात ठेवून लोकांसमोर येत होता. तिथला युसूफ तेच नाव तबकडीच्या वेष्टनावर छापून येत होता. हा योगायोग लक्षात आल्यापासून या माणसाने आमचा पिच्छा सोडलेला नाही.

अमेरिका, कलावंत आणि इस्लाम हे तीन शब्द एकत्र आले की आपल्याकडे मुहम्मद अली आठवतो. तो मुष्टियोद्धा, पण करमणुकीच्या जगातलाही बादशहाच. त्याने कॅशियस क्ले हे नाव टाकले ते 1964 मध्ये. त्याच्या पंधरा-सोळा वर्षे आधीपासून जाझ वाजवणाऱ्या काळ्या कलावंतांत ही लाट सुरू झाली होती, याचा आपल्याला फारसा पत्ता नाही. ड्रमवादक आर्ट ब्लेकी अब्दुल्ला इब्न बुहैना झाला. दुसरा ड्रमवादक केनी क्लार्क लियाकत अली सलाम झाला. सॅक्सोफोन वाजवणारा एडमंड ग्रेगरी साहिब शिहाब झाला. पिट्सबर्गचा पियानोवादक फ्रेडरिक रसेल जोन्स अहमद जमाल झाला. फिलाडेल्फियाचा मॅकॉय टायनर विशीच्या आतच सुलेमान सऊद झाला. गायिका डकोटा स्टेटन हिने आलिया राबिया हे नाव घेतले. कोणी नवे नाव रंगमंचावर नेले, कोणी ते फक्त घरी आणि नमाजापुरते ठेवले. ब्लेकी आणि टायनर जगासाठी शेवटपर्यंत ब्लेकी आणि टायनरच राहिले.

ही दावत तिथे पोहोचली कशी? त्याचे एक टोक आपल्याच देशात आहे. 1920 साली पंजाबातल्या कादियानच्या अहमदिया जमातीचे मुफ्ती मुहम्मद सादिक फिलाडेल्फियाच्या बंदरात उतरले. बहुपत्नीत्वाचा प्रश्न काढून अधिकाऱ्यांनी त्यांना अडकवून ठेवले, तर त्यांनी त्या अटकेतल्या माणसांतच धर्मप्रचार सुरू केला. सुटका झाल्यावर 1921 मध्ये त्यांनी 'मोस्लेम सनराइज' हे नियतकालिक काढले आणि पुढे शिकागोत ठाण मांडले. अहमदियांबद्दलचे धार्मिक वाद आपल्या वाचकांना माहीत आहेत. त्यांचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. इतिहास एवढेच सांगतो की अमेरिकेच्या उत्तरेकडील शहरांत काळ्या माणसाला कुराणाची प्रत आणि अरबी नाव प्रथम देणाऱ्यांत ही मंडळी होती. चाळीसच्या दशकात वादकांच्या तांड्यांतून, बसच्या प्रवासातून, हॉटेलच्या खोल्यांतून हे वाचन एकाकडून दुसऱ्याकडे गेले.

पण नाव बदलण्याची तहान कोणी बाहेरून आणलेली नव्हती. काळ्या अमेरिकनाचे आडनाव म्हणजे बहुधा त्याच्या खापरपणजोबाच्या मालकाचे आडनाव. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्यांत मुसलमान बरेच होते. आजच्या सेनेगलच्या भागातून पकडून 1807 मध्ये चार्ल्सटनच्या बंदरात आणलेला उमर इब्न सईद हा त्यांतला एक. त्याने 1831 मध्ये, गुलामीतच, आपली छोटीशी आत्मकथा अरबीत लिहिली. ती टिकली म्हणून त्याचे नाव टिकले. ज्यांना लिहिता येत नव्हते किंवा ज्यांचे लिहिलेले कोणी जपले नाही, त्यांची नावे मालकाच्या हिशेबवहीत विरघळून गेली. अहमद जमाल यांना पत्रकार विचारत, तुम्ही हे नवे नाव का घेतले? त्यांचे उत्तर असे की नवे काही घेतलेले नाही, जे मूळचे होते ते परत घेतले आहे. आमच्या मते या सगळ्या प्रकरणाची किल्ली या उत्तरात आहे.

आता दुसरी, जरा ऐहिक बाजू. ती दडवण्यात अर्थ नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत तेव्हा काळ्यांना गोऱ्यांच्या खाणावळीत जेवण मिळत नसे, हॉटेलात खोली मिळत नसे. ज्या सभागृहात रात्री टाळ्या पडत, त्याच सभागृहाच्या पुढच्या दाराने आत जाता येत नसे. ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी यांनी 1979 च्या आपल्या आत्मचरित्रात या काळाची मोठी मिस्किल आठवण दिली आहे. त्यांचा एक मित्र डेलावेअरमधल्या एका खाणावळीत गेला. काळ्यांना वाढत नाही, असे सांगितल्यावर तो शांतपणे म्हणाला की तुमचे बरोबर आहे, पण तो नियम मला लागू नाही, माझे नाव मुस्तफा दलील. आणि त्याला जेवण मिळाले! न्यूयॉर्कमध्ये 1940 पासून 1967 पर्यंत नाइट क्लबात वाजवायला पोलिसांचे ओळखपत्र लागे. केनी क्लार्कने नव्या नावाच्या जोरावर त्या पत्रावर वंशाच्या रकान्यात 'गोरा' असे लिहून घेतले होते, असे गिलेस्पी सांगतात. रंग तोच, चेहरा तोच, वाद्य तेच. नुसते मुसलमानी नाव लागले आणि तो माणूस 'निग्रो' न राहता कुठला तरी परदेशी पाहुणा झाला.

हे वाचताना आम्हाला हसू आले आणि हसता हसता एका शहरात घर शोधत फिरलो ते दिवस आठवले. फोनवर सगळे ठरत असे, भाडे, अनामत, किल्ली कधी घ्यायची तेही. मग पलीकडून पूर्ण नाव विचारले जाई आणि घर अचानक मालकाच्या पुतण्याला दिलेले निघे. या मालकाचे पुतणे तरी किती! तेच नाव एका देशात बंद दार उघडते आणि दुसऱ्या देशात उघडे दार बंद करते, तेव्हा दोष नावात शोधायचा की दारात?

मग हे सगळे सोयीसाठीच होते काय? काहींचे असेलही. ब्लेकी धर्म शिकायला आफ्रिकेत जाऊन आल्याचे सांगत. चाळीसच्या दशकात त्यांच्या सोबतीने कुराण वाचणारी मंडळीही जमली होती आणि त्यांच्या जाझ मेसेंजर्स या वाद्यवृंदाचे नाव त्याच दिवसांतले. पुढे त्यांची धर्माशी नाळ सैल झाली, अमली पदार्थांनीही त्यांना बरीच वर्षे छळले. त्यांना वली ठरवण्याचा आमचा इरादा नाही. अहमद अब्दुल-मलिक या बासवादकाची गोष्ट तर आणखी गमतीची. उद (अरबी वीणाच म्हणा) हातात घेऊन 1958 मध्ये 'जाझ सहारा' काढणारा हा कलावंत स्वतःला सुदानी बापाचा मुलगा म्हणवत असे. संशोधकांनी कागद तपासले तेव्हा आईबाप कॅरिबियन बेटांवरून आलेले आणि जन्मनाव जोनाथन टिम असल्याचे निघाले. त्याला आम्ही लबाड म्हणणार नाही. ज्याचा वंशवृक्षच कापला गेला त्याने एखादी फांदी मनाने जोडली, तर त्याला बोल कोणी लावावा? आणि जॉन कोल्ट्रेन यांना मुसलमान ठरवण्याचा उत्साह आपल्यातले काहीजण दाखवतात, तोही आवरायला हवा. त्यांची पहिली पत्नी नईमा मुसलमान होती, तिच्या नावाची त्यांची रचना प्रसिद्ध आहे, सुलेमान सऊद 1960 ते 1965 त्यांच्या पियानोवर होता, हे सगळे खरे. पण ते स्वतः ख्रिस्ती धर्मोपदेशकांच्या घरातले आणि पुढे सगळ्याच धर्मांकडे ओढ घेणारे. जे आपले आहेत तेवढे पुरेसे आहेत.

सोयीसाठी घेतलेले नाव मात्र पासष्ट वर्षे पेलत नाही. युसूफ लतीफ यांनी ते पेलले. 1949 मध्ये ते गिलेस्पींच्या वाद्यवृंदात होते, पण लवकरच डेट्रॉइटला परतले. पोटासाठी क्रायस्लर मोटार कारखान्यात काम केले आणि वेन विद्यापीठात संगीत शिकले. सॅक्सोफोन आणि बासरी हाताशी होतीच, त्यात ओबो आला. कारखान्यातल्या एका सीरियन सहकाऱ्याकडून त्यांना रबाबाची माहिती मिळाली. अरबांचा अरगूल, बांबूच्या बासऱ्या, चिनी मातीची बासरी आणि आपली सनई ही सगळी वाद्ये त्यांनी एकेक करून आपल्या संगीतात आणली. 1961 मध्ये ध्वनिमुद्रित झालेले त्यांचे 'ईस्टर्न साउंड्स' आजही ऐकले जाते. पूर्वेकडची वाद्ये वापरण्याची फॅशन पुढे पॉप संगीतात आली, तेव्हा लतीफ त्या वाटेने कितीतरी पुढे गेलेले होते.

'जाझ' हा शब्द त्यांना आवडत नसे. त्या शब्दाला वेश्यावस्तीचा आणि अश्लीलतेचा वास आहे, माझ्या इबादतीला तो नको, अशी त्यांची भूमिका होती. त्याऐवजी शरीर, मन आणि आत्मा यांतून येणारे संगीत अशा अर्थाचा एक लांबलचक शब्द त्यांनी स्वतः घडवला. तो कोणाच्या जिभेवर बसला नाही, पण त्यांनी सोडलाही नाही. 1975 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातून पाश्चात्त्य आणि इस्लामी शिक्षणपद्धतींवर प्रबंध लिहून ते डॉक्टर झाले. ऐंशीच्या दशकात काही वर्षे नायजेरियातल्या झारिया इथल्या अहमदू बेलो विद्यापीठात राहिले. त्याच सुमारास त्यांनी ठरवले की जिथे दारू विकली जाते तिथे वाजवायचे नाही. जाझ वादकाने असे म्हणणे म्हणजे पोटावर पाय आणण्यासारखेच. या संगीताचा सगळा बाजार दारूच्या गल्ल्यावर चालायचा. लतीफ सभागृहांत वाजवत राहिले, शिकवत राहिले. 1987 च्या 'लिटल सिम्फनी'ला ग्रॅमी मिळाले ते त्यानंतरच.

हीच अडचण अहमद जमाल यांनी दुसऱ्या मार्गाने सोडवू पाहिली. जानेवारी 1958 मध्ये शिकागोच्या पर्शिंग हॉटेलात झालेल्या मैफलीची त्यांची तबकडी निघाली आणि दोन वर्षांहून अधिक काळ खपाच्या यादीत राहिली. हातात पैसा आला तसा त्यांनी शिकागोतच 'अलहम्ब्रा' नावाचे स्वतःचे उपाहारगृह आणि संगीतगृह काढले. नाव ग्रानाड्याच्या राजवाड्याचे. दारू नाही. पर्शिंगच्या बारमध्ये मिळालेल्या पैशातून उभे राहिलेले हे बिनदारूचे घर 1961 मध्ये बंद पडले. व्यवहाराच्या नजरेने फसलेला उद्योग. पण अल्ला आणि पियानो या दोघांसाठी एका छताखाली जागा करू पाहणारा असा माणूस आम्हाला त्याच्या खपलेल्या तबकडीइतकाच मोठा वाटतो. संगीत हलाल की हराम यावर आपल्याकडे रात्री जागवल्या जातात; जमाल यांनी वाद घातला नाही, स्वतःची जागा उघडली.

युसूफ लतीफ 23 डिसेंबर 2013 रोजी वारले. युसूफ खान 7 जुलै 2021 रोजी मुंबईत गेले आणि जुहूच्या कब्रस्तानात दफन झाले. अहमद जमाल 16 एप्रिल 2023 रोजी गेले, वय 92.

'ईस्टर्न साउंड्स' आम्ही पहिल्यांदा घरात लावले तेव्हा अम्मी तांदूळ निवडत बसल्या होत्या. थोडा वेळ ऐकून त्यांनी विचारले, "कौन बजा रा?"

"युसूफ लतीफ," आम्ही म्हटले.

"कहाँ का? अपने कोकण का?"

अमेरिकेचा, असे सांगितल्यावर त्यांना ते पटले नाही. सूप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "मग ही सनई कशी?" ती सनई नव्हती, ओबो होता, सनईच्या दूरच्या नात्यातला. आम्ही दुरुस्त केले नाही. आवाज थोडा वाढवला.